सव्वा महिना

बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती जमलेल्या बायका आधी बाळाचं नाक बघतात. नाक अगदी आजोबांचं आहे, म्हणतात. कपाळ आत्याचं, हनुवटी आजीची. माझी माय तेव्हा मागच्या मोरीवर बसून हातांचं तेल राखेनं धूत असायची. ते नाक रोज सकाळी तिनं चिमटीत धरून नीट केलेलं असायचं, ते डोकं तळहातानं दाबून दाबून गोल केलेलं असायचं. पण तिचं कौतुक कोणी करत नसे. पाळण्याच्या गाण्यात आजोबा येतात, मामा येतो, आत्या तर येतेच येते. मालीशवाली काही येत नाही.

मला याचा राग यायचा. मायला कधी यायचा नाही. "आपलं काम आंग चोळाचं," ती म्हणायची. "पाळना हालवाले त्याइच्या आत्या हायेत ना." मग शेवटच्या पंगतीला जेवून, मिळालेलं ब्लाऊजपीस आणि नारळ पिशवीत घालून ती घरी यायची.

आम्ही वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला राहायचो. नव्वदच्या दशकात तिथे आजच्यासारखी दाट वस्ती नव्हती. लेआउट पडत होते, आणि सिमेंटचे खांब रोवलेल्या प्लॉटांमध्ये कोणी ना कोणी अजून तूर पेरत होतं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. हंगाम असला की काम, नसला की घरी. मायचं काम मात्र बारा महिने चालायचं, कारण लेकरं काही हंगाम बघून जन्माला येत नाहीत. तिची घरं वर्ध्याच्या बाजारपेठेत होती, खाली दुकान आणि वर राहणं असलेली, कापडवाल्यांची, किराणावाल्यांची, धान्यवाल्यांची. सकाळी मी उठायच्या आत ती निघालेली असायची. माझी वेणी काकूनं घातली, शाळेतही काकूनंच पाठवलं. काकू म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. मी शाळेतून परत यायचे तेव्हा माय सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेली असायची. तिच्या अंगाला जवसाच्या तेलाचा आणि ओव्याच्या धुराचा वास यायचा. मी काही सांगायला गेले की ती हातानंच 'थांब' म्हणायची.

बाळाची मालीश म्हटलं की लोकांना काहीतरी गोड गोड दिसतं. आता तर त्याचे फोटोही काढतात. काम कसं असतं ते फोटोत येत नाही. पाटावर बसायचं, दोन्ही पाय सरळ लांब करायचे, त्यावर बाळ पालथं घ्यायचं आणि पाणी घालायचं. पाणी फार कढत नको, म्हणून माय ते आधी आपल्याच पायांवर ओतून बघायची. चुलीवरचा पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, तिनंच उतरवायचा, विसणही तिनंच घालायचं. तिच्या नडग्यांवरची कातडी कायमची काळवंडलेली होती. आणि बाळ हे त्यातलं सोपं. खरा घाम बाळंतिणीपाशी निघतो. चांगल्या भरल्या अंगाची, दुखणारी, चिडलेली बाई. तिची कंबर, पाठ, मांड्या जोर लावून चोळायच्या. पोट लुगड्याच्या पट्टीनं आवळून बांधायचं. मग बाजेखाली शेगडी सरकवून ओवा-शोपांचा धूर द्यायचा. दारं-खिडक्या बंद. वर्ध्याच्या मे महिन्यातही बंद. बाळंतीण घामानं निथळली की शेक चांगला लागला म्हणायचे. माय निथळली की म्हणायचे, मौसी, जरा दूर सरक, तुझा घाम पडून राह्यला. शेवटी बाळंतिणीचे कपडे उरायचे. त्यांना घरातलं कोणी हात लावत नसे. ते धुऊन वाळत घातले की मायची सुटी.

हे तिनं गुडघे जाईपर्यंत केलं. दोन हजार साल उलटून गेल्यावर कधीतरी तिला पाटावरून उठता येईनासं झालं, आणि त्या घरांमधलं कोणी एकदाही बोरगावला तिला बघायला आलं नाही. यायला हवं होतं असं मायला वाटलं नाही. ते वाटायचं कामही मलाच करावं लागलं.

तर या सगळ्या घरांत एक घर मोठं होतं. कापडाचा मोठा धंदा, घरात माणसंही पुष्कळ. तिथल्या शेठाणीचा शब्द बाजारपेठेतल्या बायकांमध्ये चालायचा. कोणाची सून बाळंत व्हायची असली की तिला विचारत, कोणाला बोलवू? आणि शेठाणी म्हणायची, आमच्या मौसीला बोलव. मायची बाकीची बहुतेक घरं या एका वाक्यातून आलेली होती. शेठाणीनं उद्या दुसरं नाव सांगितलं तर ती घरं त्याच वाटेनं परत जातील, हे माय जाणून होती. शेठाणी तर चांगलीच जाणून होती.

त्या घरचा एक नेम होता. बाळंतिणीवर दुसऱ्या बाळंतिणीची छाया पडू द्यायची नाही. दोघींनी एकमेकींना बघायचं तर नाहीच, पण एकीला किंवा तिच्या लेकराला लागलेला हात सव्वा महिना होईपर्यंत दुसरीला किंवा तिच्या लेकराला लागू द्यायचा नाही. लागला तर लेकरू दूध तोडतं, सुकत जातं, असं म्हणायचे. तसा हा नेम आमच्याकडे सगळेच मानायचे, पण बाकी घरी तो सैल होता. माय तिथे गेल्यावर आंघोळ करायची, त्यांनी वेगळं ठेवलेलं लुगडं नेसायची, की भागायचं. तशी ती एका वेळी दोन-दोन बाळंतपणं करायची. मोठ्या घरी असलं काही चालत नव्हतं. त्यांच्याकडे पाळणा हलला की माय सव्वा महिना फक्त त्यांची.

माझं लग्न रोहण्याला, एका शेतकऱ्याच्या घरी झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून मला बोरगावला आणून सोडलं. मी फार खुशीत आले होते. मूल होणार याचा आनंद होताच, पण खरं सांगायचं तर त्याच्याइतकाच दुसऱ्या एका गोष्टीचा होता. आता सव्वा महिना माय माझी. लहानपणापासून ती रोज सकाळी उठून दुसऱ्यांच्या लेकी-सुनांकडे गेली. ते हात माझ्या अंगाला फक्त ताप आला की लागायचे, तेही कपाळाला. आता तिला मला चोळावंच लागणार होतं. तो माझा हक्क होता आणि तो मी पुरेपूर वसूल करणार होते.

मायही तयारीला लागली होती. तिनं सुताराकडून नवा पाट करून आणला. तेलघाणीवर जाऊन समोर उभं राहून जवसाचं तेल काढून आणलं. जुनी लुगडी फाडून, धुऊन, लेकरासाठी मऊ धडपे करून ठेवले. संध्याकाळी माझे सुजलेले पाय आपल्या मांडीवर घेऊन ती म्हणायची, "थांब, तुले अशी उभी करते का तुही सासू वळखनार नाई."

मोठ्या घरची सूनही तेव्हाच दिवसात होती. किती वर्षांनी, किती नवससायास करून. तिला मुलगा झाला आणि माय तिकडे अडकली. पण तिनं अंदाज बांधला होता. त्यांचा सव्वा महिना संपेल आणि माझे दिवस भरतील. अगदी नीट बसत होतं. तिनं ते मला दोन-तीनदा समजावून सांगितलं आणि मलाही पटलं. माझ्या पोरीला मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं. ती आधीच आली.

सकाळी कळा सुरू झाल्या. माय कामावर गेलेली. काकूनं मला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. दुपारी मुलगी झाली. एवढीशी, हातापायांच्या काड्या, रडणंही बारीक. वडील मायला सांगायला मोठ्या घरी गेले आणि आनंदाच्या भरात शेठाणीच्या समोरच बोलून बसले.

माय दवाखान्यात आली ती वॉर्डच्या दारातच थांबली. मी तिला बघून उठायला लागले.

"ये ना," मी म्हटलं.

"नाई येत आत. पाह्यलं मी तुले. बेस हाये ना?"

काकू पोरीला घेऊन दाराकडे निघाली तशी माय दोन पावलं मागे सरकली. मग तिनं तिथूनच काय झालं ते सांगितलं. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका ऐकत होत्या. शेठाणीपुढे ती म्हणाली होती की मी रोज तुमच्याकडे आल्यावर आधी आंघोळ करीन, तुम्ही द्याल ते लुगडं नेसीन आणि मगच लेकराला हात लावीन. शेठाणीनं शांतपणे ऐकून घेतलं होतं. आवाज ती कधीच चढवत नसे.

"मौसी, छाया काय पाण्यानं जाते?" शेठाणी म्हणाली होती. "तुझी लेक हाये, मले काय समजत नाई? पन आमच्या घरी किती सालानंतर पाळना हालला, तुले मालूम हाये. सव्वा महिना तू लेकीले अन् त्या लेकराले हात नको लावू. नाई जमत असन तं आत्ताच सांग, मी दुसरी पाहून घेते."

"मंग तू काय म्हन्लं?" मी विचारलं.

"काय म्हनू?" माय म्हणाली. "हो म्हन्लं."

मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. ती बराच वेळ दारात उभी होती असं काकूनं नंतर सांगितलं.

घरी आल्यावर आमच्या दोन खोल्यांच्या घरात मायनं स्वतःची हद्द आखून घेतली. ती सपरीत झोपू लागली. तिचं ताट सपरीत, तिचं लुगडं अंगणातल्या वेगळ्या तारेवर. बाळंतीण मी आणि घराबाहेर ती, असा उलटा कारभार सुरू झाला. शेजारणी विचारायच्या, काऊन हो, लेकीशी भांडल्या काय? माय म्हणायची, हो.

पोरीची मालीश काकूच्या अंगावर पडली. काकू मनानं चांगली, पण तिला तान्ह्या लेकराची भीती वाटायची. तेल लावलेलं बाळ हातातून निसटेल म्हणून ती त्याला आवळून धरायची आणि पोरगी किंचाळायची. माय उंबऱ्याबाहेर उकिडवी बसून सांगत राहायची. मोठ्या घरी जायची वेळ होऊन गेलेली असायची तरी बसायची.

"मानेखाली हात घे. तसा नाई, पंजा पसर."

"टाळूवर तेल थापजो, दाबू नको."

"पालथी घे आता. पायावर घे, पायावर. भेऊन काऊन राह्यली तू?"

"तुमीच या ना मंग, बाई," काकू एकदा वैतागून म्हणाली.

सांगता सांगता तिचे हात हवेत चालायचे. हवेतच ती पाठ चोळायची, हवेतच पाय ताणून सोडायची. ते बघून मला हसू यायचं आणि तिचं डोकं फोडावंसंही वाटायचं.

माझं अंग तर कोणी चोळलंच नाही. काकूच्यानं दोघींचं होत नव्हतं आणि तिला तिचं घर होतं. मी कंबर धरून भिंतीच्या आधारानं उठायचे. पोट स्वतःच बांधलं, ते चालता चालता सुटायचं. त्याच वेळी तिकडे बाजारात माय अंगातला सगळा जोर लावून त्या सुनेची कंबर चोळत असणार, हे मला अंथरुणात पडल्या पडल्या दिसायचं. दागिने, माड्या, कापडाचं दुकान यांतल्या कशाचा मला कधी हेवा वाटला नाही. त्या बाईच्या कमरेचा वाटला.

पोरगी अंग धरत नव्हती. दूध ओढायची, थकायची, झोपून जायची. डॉक्टर म्हणाले, लवकर झालेली आहे, ऊब द्या, सारखं अंगाशी धरून ठेवा. मायनं ऐकावं म्हणून मी हे सपरीकडे तोंड करून मोठ्यानं वडिलांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय निघायच्या बेतात होती. मी उठले, पोरीला घेतलं आणि उंबऱ्यापाशी जाऊन तिच्यासमोर धरलं.

"घे," मी म्हटलं.

मायनं दोन्ही हात पाठीमागे नेले. चोरी पकडली जाताना लेकरं नेतात तसे.

"काऊन सतावून राह्यली वं मले?" ती म्हणाली.

"कोनाले कळते? शेठानी पाहाले येऊन राह्यली काय इथं?"

"कोनी नाई पाहात. पन समज खरं असन तं? त्याइच्या लेकरावर बला काऊन आणू? अन् तिकडची इकडं आली, हिच्यावर, तं काय करशीन?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती फक्त शेठाणीला भीत नव्हती. तिचाही त्यावर विश्वास होता, निदान अर्धा तरी. याचा मला जास्त संताप आला. भीतीपोटी माणूस वाकतं ते समजतं. पण शेठाणीचा नेम मायनं स्वतःच्या मनात नेऊन बसवला होता, आणि आता शेठाणी नसली तरी तो पाळला जात होता. पोरगी माझ्या हातात रडत होती. माय अंगणातून चप्पल घालून निघून गेली.

असे दिवस गेले. मग मोठ्या घरचं बाळ आजारी पडलं. ते दिवसभर किरकिरायचं, छातीशी घेतलं की तोंड फिरवायचं. शेठाणीनं मायला देव्हाऱ्यासमोर उभं केलं आणि विचारलं, हात लावला काय तू? मायनं देवाची शपथ घेऊन सांगितलं, नाही लावला. ते खरंच होतं. इतकं खरं मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही.

"नसन लावला," शेठाणी म्हणाली. "पन एकाच छपराखाली राहतेच ना तू. उद्यापासून नको येऊ, मौसी."

माय त्या दिवशी दुपारीच घरी आली. कधी नाही ते त्या वेळी तिला फाटकात बघून वडील उठून उभे राहिले. तिनं एका वाक्यात सांगितलं आणि सपरीत बसली. वडील म्हणाले, आता बाकीची घरंही जातील. काकू शेठाणीला शिव्या देऊ लागली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. पोटातून वर येत होता आणि मी तो ओठांत दाबून धरला होता.

थोड्या वेळानं माय उठली. तिनं आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि उंबरा ओलांडून आत आली. नवा पाट भिंतीला लावून ठेवलेला होता. तो टाकून ती बसली, पाय लांब केले.

"आण लेकराले," ती म्हणाली.

मी पोरीला तिच्या पायांवर ठेवलं. मायनं तळहातावर तेल घेतलं, हात एकमेकांवर घासून गरम केले आणि छातीपासून खांद्यांकडे नेले. पोरगी आधी दचकली, मग रडायची थांबली. मायचे हात घाई करत नव्हते, पण थांबतही नव्हते. मानेवरून पाठीवर, पाठीवरून कमरेवर, मग तळपायापर्यंत. त्या काड्यांसारख्या पायांना तिनं असं ताणलं की मी ओरडणार होते, आणि पोरीनं जांभई दिली. तिला न्हाऊ घालून, गुंडाळून, टाळूवर तेल ठेवून मायनं तिला वडिलांकडे दिलं. मग मला पालथं झोपायला सांगितलं.

माझ्या कमरेवर तिचा हात पडला आणि मी रडायला लागले. मला रडायचं नव्हतं.

"लागलं काय?" तिनं विचारलं.

"नाई."

ती चोळत राहिली. मी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. चुकलं म्हणावं अशी काही अपेक्षा नव्हती. नुसतं माझ्याबद्दल काही बोलली असती तरी चाललं असतं.

"त्या लेकराचं डोकं डाव्या आंगानं अजून चपटं हाये," माय म्हणाली. "मी रोज थोडं थोडं गोल करत आणत होती. दुसरी बाई पाहीन का नाई, कोन जाने."

तिच्या हातांखाली मी होते आणि ती अजून बाजारपेठेतच होती.

तरीपण ते थोडे दिवस चांगले गेले, हे मला सांगितलं पाहिजे. पोरगी दूध जास्त वेळ ओढू लागली. माझं पोट मायनं आवळून बांधलं, ते दिवसभर सुटत नसे. मी आधाराशिवाय उठू लागले. माय सकाळी घरी असायची, हे मला इतकं नवीन होतं की जाग आल्यावर आधी मी तिच्या भांड्यांचा आवाज ऐकायचे. ते माझं माझ्यापाशी ठेवलं.

मग एका सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. मोठ्या घरच्या दुकानात काम करणारा माणूस उतरला. मायच्या पायांवर पोरगी होती. छाती झाली होती, हात झाले होते, एक पाय झाला होता. तो माणूस बाळंतिणीची खोली म्हणून सपरीतच थांबला आणि तिथून बोलला. नवीन ठेवलेली बाई काही जमत नाही. लेकरू तिच्या हातात गेलं की श्वास कोंडेपर्यंत रडतं. डॉक्टरांनी तपासलं तर कान दुखत होता, औषधानं तो बरा झाला. शेठाणीनं मौसीला बोलावलं आहे, रिक्षा धाडली आहे.

"मंग छायेचं काय?" मी आतून विचारलं. "हिच्या हातात माझी पोरगी हाये. दिसून नाई राह्यली काय तुमाले?"

तो माणूस अवघडला. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

"त्या म्हनल्या," तो म्हणाला, "आंघोळ करून, लुगडं बदलून आली का चालते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण मी नीट ऐकलं होतं. हेच मायनं पहिल्या दिवशी मागितलं होतं, याच शब्दांत. तेव्हा छाया पाण्यानं जात नव्हती. माय सपरीत झोपली तेव्हा जात नव्हती. ती हात पाठीमागे घेऊन माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा जात नव्हती. आता त्यांचं लेकरू रडत होतं, तर एका बादलीत जात होती. बला नव्हती, देव नव्हता, काही नव्हतं. शेठाणीला गरज नव्हती तोवर नेम होता आणि गरज पडली तसा नेम सुटला. आणि तो सुटला तेव्हा मायचा हात पोरीच्या पायावर होता.

मायनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही सगळं कळलं होतं. ती अडाणी होती, बावळट नव्हती.

"जाऊ नको," मी म्हटलं.

"घर जाईन, बाई. हे एक गेलं का सारेच जाते. तुह्या बापाचं तं तुले मालूम हाये."

"जाऊ दे सारे."

"अन् लेकरू रडून राह्यलं म्हन्ते ना," माय म्हणाली.

तिनं पोरीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. हात गुडघ्यांवर टेकून ती उठली, मोरीकडे गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला. ओले केस तसेच गुंडाळून, धुतलेलं लुगडं नेसून ती बाहेर आली आणि रिक्षात बसली. मी तिला थांबवायला उठले नाही. शिवी देण्याइतका दम होता, उठण्याइतका नव्हता.

पोरगी माझ्या मांडीवर उघडी पडली होती. तिचा एक पाय तेलानं चमकत होता आणि दुसरा कोरडा होता. हे काम मायनं मला कधी शिकवलं नाही. तू नको पडू यात, असंच म्हणायची. मी पाटावर बसले, पाय लांब केले, पोरीला त्यांच्यावर घेतलं आणि वाटीतलं तेल बोटांना लावलं. ते गार झालं होतं. पोरीनं पाय आखडून घेतला आणि रडायला लागली.

उरलेला पाय मी चोळला, जमेल तसा. पोरगी पुढे जगली, मोठी झाली, चांगली धडधाकट आहे. मायनं त्या घरची सगळी बाळंतपणं नंतरही केली. लोक म्हणतात, राग धरायचा तर शेठाणीवर धरायचा, तुझी माय बिचारी काय करणार होती. माझा शेठाणीवर राग आहेच, पण तो थोडा आहे. जास्त आहे तो मायवर. शेठाणी माझी कोणीच नव्हती.